गॅरेजातला काडतुसांचा कारखाना

आमच्या घरात बंदूक कधीच नव्हती. काडतुसं मात्र होती, आणि ती आम्ही घरीच भरत होतो. हे मी आजवर ज्यांना सांगितलं ते आधी हसले, मग त्यांनी माझ्याकडे जरा निरखून बघितलं आणि मग विषय बदलला. टेक्ससमध्ये वाढलेला माणूस असेल तर तो विषय बदलत नाही, तो लगेच विचारतो, काडतुसं दाबायचा प्रेस कुठला होता? प्रेस हिरवा होता एवढंच मला आठवतं. बाकी सगळं मात्र आठवतं, आवाजासकट. आयुष्यभर लोकांचे कान तपासायचं काम केलं त्यामुळे असेल, पण ते वर्ष मला आधी ऐकू येतं आणि मग दिसतं. गॅरेजमध्ये एक प्लास्टिकचं पिंप दिवसभर थरथरत असायचं. त्यात अक्रोडाच्या सालींचा भुगा आणि त्या भुग्यात पितळेच्या रिकाम्या पुंगळ्या. त्याची घरघर भिंतीतून स्वयंपाकघरात यायची, फ्रीजच्या आवाजात मिसळायची आणि मी शाळेतून घरी आले की दार उघडण्याआधीच मला कळायचं की बाबा आज उठलेत. पिंप बंद असलं की माझा पाय उंबऱ्याशी अडखळायचा.

कारण त्याआधीचे सहा-सात महिने बाबा उठतच नव्हते. म्हणजे सकाळी उठायचे, दाढी करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे, खिशाला पेन लावायचे आणि फॅमिली रूममधल्या तपकिरी सोफ्यावर जाऊन बसायचे. तिथे ते संध्याकाळपर्यंत बसलेले असायचे. तेलाचे भाव पडले आणि आमच्या शुगर लँड गावातली ओळखीची निम्मी घरं एकाएकी दिवसा माणसांनी भरली. बाबांच्या ऑफिसने अख्खा मजला घरी पाठवला. बाबा रिफायनरीच्या दाबाच्या टाक्या आणि पाइपांची डिझाइन तपासायचे. दुसऱ्याने केलेल्या आकडेमोडीतली चूक हुडकायची हे त्यांचं काम, आणि त्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता असं त्यांचे मित्र दामले काका सांगायचे. बाबा एका खोक्यात आकडेमोडीचा स्लाइड रूल, कंपासपेटी आणि टेबलावरचा माझा फोटो घेऊन घरी आले, खोकं कपाटात ठेवलं आणि ते पुन्हा उघडलं नाही. आमच्या रस्त्यावर एकाआड एक घरापुढे फॉर सेलच्या पाट्या लागल्या होत्या. गवत कापायला कुणी उरलं नव्हतं. त्या दमट उन्हात ते गुडघ्याएवढं वाढायचं आणि आई खिडकीतून बघत म्हणायची, "माणसं गेली की आधी गवताला कळतं बघ."

आईची भीती वेगळीच होती. ती मला तिने कधी सांगितली नाही, पण पंधरा वर्षांच्या मुलीला न सांगता कळतं. बाबा बाथरूममध्ये जास्त वेळ राहिले की ती दाराबाहेर उभं राहून विचारायची, "अहो, टॉवेल आहे ना आत?" ते गाडी धुवायला गॅरेजमध्ये गेले की ती काहीतरी निमित्त काढून मागोमाग जायची, कधी केराची पिशवी घेऊन, कधी नुसतीच. वरणभात वाढताना त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहायची आणि भात ताटाबाहेर सांडायची. मला तिचा राग यायचा. मला दोघांचाही राग यायचा, खरं सांगायचं तर. माझ्या शाळेतल्या मुलींच्या बापांच्याही नोकऱ्या गेल्या होत्या. ते ओरडायचे, बिअर प्यायचे, नाहीतर दुसऱ्या गावी निघून जायचे. आमचे बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे. मी त्यांच्याशी इंग्रजीत बोलायला लागले होते, फक्त त्यांना लागावं म्हणून.

डेल आमचा शेजारी. आमच्या डाव्या हाताचं घर त्याचं. सत्तरीचा, बायको गेलेली, मशीन-शॉपमधून रिटायर झालेला, सहा फूट उंच आणि पाठीत जरासा वाकलेला माणूस. तो अर्थातच इंग्रजीत बोलायचा, तेही शब्दाशब्दांत एक झोका घेऊन, पण मला तो आता मराठीतच आठवतो. एका दुपारी तो आमच्या दारात उभा राहिला आणि टोपी हातात घेऊन आईला म्हणाला, तुमच्या नवऱ्याचे हात कापतात का हो? आईने दचकून मागे बघितलं. डेलने स्वतःचे दोन्ही हात पुढे केले. ते कापत होते, झाडाचं पान हलावं तसे. तो दर शनिवारी गावाबाहेरच्या क्लबात रिव्हॉल्व्हरने नेम मारायला जायचा आणि त्याची काडतुसं तो चाळीस वर्षं घरी भरत आला होता. मारलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी फुकट जात नाही. ती साफ करायची, तळाशी ठिणगी पाडणारी नवी टिकली बसवायची, मोजून पावडर घालायची, वर शिशाची गोळी दाबायची, की झालं नवं काडतूस. पण पावडर मोजायला हात स्थिर लागतो आणि तो आता त्याच्याकडे नव्हता. "व्ही इंजिनिअर आहे ना?" तो म्हणाला. बाबांचं नाव वसंत, डेलपुरते ते व्ही. "मला फक्त त्याचे हात पाहिजेत."

बाबा सोफ्यावरून उठून दारापर्यंत आले. तेवढ्यासाठी तरी आईने डेलला आत घ्यायला हवं होतं, पण ती म्हणाली, "आमच्या घरात बंदूक येणार नाही. एकदाच सांगून ठेवते." बाबांनी त्याचं भाषांतर केलं. डेलने छातीवर हात ठेवून कबूल केलं. बंदूक त्याच्या घरी, बाकी सगळं आमच्या गॅरेजमध्ये. त्याचं गॅरेज बायकोच्या सामानाने भरलेलं होतं आणि ते त्याच्याने हलवत नव्हतं.

टेबल मांडायला आठवडा लागला. आमच्याकडे एक जुनं भक्कम दार पडून होतं, ते बाबांनी आडवं केलं, खाली चार बाय चार इंचांच्या लाकडाचे पाय लावले आणि भिंतीला पट्ट्यांनी बांधलं. हलता कामा नये, जरासुद्धा. हिरवा प्रेस बोल्टांनी कडेला आवळला. त्याचा लांब दांडा खाली ओढला की 'खटक' आणि वर गेला की 'चक' असा आवाज यायचा. पावडरचे डबे गरम होऊ नयेत म्हणून बाबांनी घरातल्या थंड कपाटात वेगळी फळी केली, तिला कुलूप लावलं आणि किल्ली आईकडे दिली. गॅरेजमध्ये काडी ओढायची नाही, उदबत्ती न्यायची नाही, डेलने पाइप ओढायचा नाही. टिकल्यांचं पाकीट एका टोकाला, पावडर दुसऱ्या टोकाला, एका वेळी एकच गोष्ट टेबलावर. मध्ये तराजू. लहानसा, लांब दांडीचा, एका बाजूला टांगलेलं पितळेचं पारडं, दांडीवर सरकणारं वजन, आणि काटा शून्यावर आणायला पायाखाली एक स्क्रू. बाबांनी तो हातात घेतला तेव्हा त्यांचा चेहरा मी बघितला. कुणीतरी ओळखीचं भेटल्यासारखा तो झाला. मी मुद्दाम म्हणाले, "इट्स जस्ट अ टॉय." ते म्हणाले, "टॉय नाही गं. ह्याच्यात चुकलं तर माणसाचा हात जातो." आणि पुढे म्हणाले, "म्हणून तर बरं वाटतंय."

आई पहिले दोन आठवडे तिकडे फिरकली नाही. मग एक दिवस बाबा काळ्या पडलेल्या पुंगळ्या साबणाने घासत होते ते तिने बघितलं आणि तिला राहवेना. "पितळ आहे का ते?" तिने विचारलं. "मग साबणाने काय घासताय? चिंच लावा." मेक्सिकन दुकानातून आणलेली चिंच कोमट पाण्यात कोळून तिने पुंगळ्या त्यात बुडवल्या, पंधरा मिनिटांनी काढल्या, आणि त्या देवाच्या ताम्हनासारख्या लख्ख निघाल्या. डेल दोन पुंगळ्या उजेडात धरून कितीतरी वेळ बघत राहिला. त्यानंतर ते खातं आईचं झालं. ती मागच्या अंगणात जुन्या पंच्यावर पुंगळ्या ओळीने वाळत घालायची, जसे सांडगे घालावेत तशा, आणि तोंडं खाली करून, पाणी निथळावं म्हणून. मग त्या पिंपात जायच्या. डेलला ती जेवायला थांबवायला लागली. त्याला आईचा हालापेन्यो मिरच्यांचा ठेचा फार आवडायचा. तो ठेचा तो पावाला जॅम लावल्यासारखा लावायचा, डोळ्यांतून पाणी काढायचा आणि पुन्हा मागायचा. त्याच्या अंगणातले अक्रोडासारखे पीकॅन तो पिशव्या भरभरून आणून द्यायचा, आणि आईने त्याचे गूळ घालून लाडू केले ते इतके कडक झाले की बाबा म्हणाले, हे प्रेसमध्ये बसवता येतील. आई हसली. मी ते हसणं आज लिहून ठेवतेय, कारण त्या वर्षातलं दुसरं मला आठवत नाही.

म्हणून कुणी असं समजू नये की सगळं सुरळीत झालं होतं. बाबांनी पाठवलेल्या अर्जांना आधी नकाराची पत्रं यायची, मग तीही यायची बंद झाली. टपालाची गाडी थांबली की प्रेसचा आवाज थांबायचा. गाडी पुढे गेली की थोड्या वेळाने पुन्हा सुरू व्हायचा. पण माणसाला काहीतरी बिनचूक करायला मिळालं की तो तग धरतो, एवढं मला बाबांकडे बघून कळलं. ते पन्नास पुंगळ्यांचा एक लाकडी ट्रे घ्यायचे. आधी तराजूचा काटा शून्यावर. मग एकेक माप. ट्रे संपला की काटा पुन्हा बघायचा. वहीत ट्रेचा नंबर, पावडरचं वजन आणि खाली सही. काडतुसं डब्यात त्याच क्रमाने. डेल म्हणायचा, व्ही, मला रविवारी चंद्रावर जायचं नाहीये, शनिवारी पुठ्ठ्याला भोक पाडायचंय. बाबा म्हणायचे, "सही करायची असेल तर अशीच करायची."

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी घरातली हत्यारं पुजतात. आईची विळी, कात्री, शिवणयंत्र, आणि बाबांचा स्लाइड रूल आणि कंपासपेटी. ही पूजा त्यांनी पुण्याच्या हॉस्टेलातही चुकवली नव्हती. त्या वर्षी आईने कपाटातलं खोकं काढायला हात घातला आणि बाबा म्हणाले, "ते राहू दे." एवढंच. आईने कपाट लावलं. मग ती गॅरेजमध्ये गेली आणि तो तराजू दोन्ही हातांनी उचलून देवापाशी घेऊन आली. गॅरेजमध्ये निरांजन न्यायचं नाही हा बाबांचाच नियम होता. प्रेस काही उचलता येईना, त्याच्या दांड्याला तिने झेंडूचं फूल बांधलं. तराजूच्या पारड्याला मात्र तिने ओलं हळदकुंकू लावलं, बाहेरच्या अंगाला, चांगलं ठसठशीत, आणि त्यावर अक्षता चिकटवल्या, सात-आठ तरी असतील. नमस्कार करताना तिचे ओठ हलत होते. जिला गॅरेजची भीती वाटायची, त्या बाईने त्या दिवशी ते गॅरेज नवऱ्याचं कामाचं ठिकाण म्हणून मान्य केलं. मी हे तेव्हा समजले, आणि कधी नव्हे ते मीही मनापासून हात जोडले.

पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही. बाबांनी लावला नाही. दुसऱ्या दिवशी दसरा, म्हणजे काम पुन्हा सुरू करायचा दिवस. दुपारी जेवून ते टेबलाशी बसले तेव्हा मी चहा घेऊन गेले होते. पारड्यावर कुंकू तसंच होतं. मी म्हणाले, "बाबा, पुसून देऊ? वजनात फरक पडेल ना?"

"पूजेचं कुंकू असं पुसायचं नसतं," ते म्हणाले. "आणि फरक कशाला पडेल? कुंकवासकट काटा झीरो करून घ्यायचा." त्यांनी खालचा स्क्रू हळूहळू फिरवला, डोळा काट्याच्या पातळीला आणला, काटा शून्यावर आला. "हे बघ. देवाचंही राहिलं आणि न्यूटनचंही." फार दिवसांनी ते स्वतःवर खूश झालेले दिसले. मी चहा ठेवून आत गेले.

ट्रे भरून झाला आणि दारावरची घंटा वाजली. दामले काका आणि काकू सोनं द्यायला आले होते. आपटा कुठून मिळणार, काकू दर वर्षी तशी दिसणारी रेडबडच्या झाडाची पानं आणायच्या. बाबा हात पुसत उठले. आई आतून म्हणाली, "नीलू, ते गॅरेजच्या दाराने येतील, टेबल आवरून घे पटकन." मी ट्रेवर झाकण ठेवलं. तराजू फळीवर ठेवायला उचलला तेव्हा बघितलं, पारड्यावर नुसता वाळलेला लालसर डाग होता. कुंकवाचा पोपडा आणि अक्षता खाली टेबलावर पडल्या होत्या. दुपारभर एअर कंडिशनिंग नसलेल्या त्या भट्टीत कुंकू वाळून सुटलं होतं. पूजेच्या अक्षता पायदळी येऊ नयेत म्हणून मी त्या वेचल्या, निर्माल्याच्या पिशवीत टाकल्या, आणि उरलेला डाग बोटाने पुसून काढला. तराजू जागचा हलला की बाबा दुसऱ्या दिवशी काटा नव्याने शून्यावर आणत, तसा त्यांनी आणला. ट्रेनंतरची ती तपासणी मात्र राहून गेली. मग त्यांनी त्या पन्नासांवर गोळ्या दाबल्या. पुंगळीच्या तळाशी पावडर इतकी थोडी असते की कमीजास्त डोळ्याला कळत नाही.

त्या शनिवारी बाबाही डेलबरोबर गेले होते. दुपारी फोन आला तो हॉस्पिटलमधून, आणि बाबांचा आवाज इतका सपाट होता की आईला आधी कळेचना कोण बोलतंय. डेलचं रिव्हॉल्व्हर त्याच्या वडिलांच्या वेळचं होतं. आधीची काडतुसं नीट उडाली. मग दोन-तीन जरा जोरात उडाली, तेव्हा डेल हसून म्हणाला होता, व्ही आज जोरात आहे. त्याच्या पुढच्या काडतुसाला बंदुकीचं वरचं लोखंड फुटून उडालं. डेलचा उजवा डोळा गेला. बाबा घरी आले तेव्हा त्यांच्या इस्त्रीच्या शर्टाच्या बाहीवर रक्त वाळलेलं होतं आणि शर्ट बदलायचं त्यांना सुचत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी उरलेली काडतुसं एकेक करून उकलली आणि प्रत्येकातली पावडर मोजली. मी दारात उभी होते. डब्यातला क्रम त्यांनी राखलेला होताच. डेलने काडतुसं ओळीओळींतून मधूनमधून उचलली होती; पहिल्या दोन ओळींत उरलेली वहीतल्या वजनाची निघाली. तिसऱ्या ओळीच्या मध्यापासून प्रत्येकात पावडर जास्त, आणि प्रत्येकात सारखीच जास्त. असं व्हायला पारडंच मधे तेवढं हलकं झालेलं असायला हवं होतं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधलेला माणूस होता तो. पाचच मिनिटांत ते उठले, स्वयंपाकघरात आले आणि त्यांनी अगदी बरोबर प्रश्न विचारला.

"पारड्यावरच्या अक्षता कुणी काढल्या?"

आई गॅसपाशी उभी होती. तिच्या हातात दुधाचं पातेलं होतं. ती म्हणाली, "मी नाही हात लावला." आणि मग प्रश्नाचा अर्थ तिच्या चेहऱ्यावर चढत गेला. मी तो चढताना बघितला. डेलचा डोळा, तिचं कुंकू, तिचे हात. तिने पातेलं ओट्यावर ठेवलं ते ओट्याच्या कडेवर ठेवलं आणि दूध जमिनीवर गेलं, आणि तिने खाली बघितलंसुद्धा नाही.

"मी काढल्या," मी म्हणाले. "दामले काका आले तेव्हा. चिकटलेल्या होत्या सगळ्या, नखाने खरवडून काढाव्या लागल्या."

"नक्की? एकही पडलेली नव्हती?"

"नो, बाबा. ऑल ऑफ देम वेअर देअर."

आईने पदराने तोंड पुसलं आणि दूध पुसायला खाली बसली. मला वाटलं मी तिला वाचवलं. वाचवलं होतंही. त्या वेळी मला असंही वाटलं की बाबा आणखी दुसरं काहीतरी कारण शोधून काढतील, कारण ते नेहमीच शोधून काढत. त्यांनी शोधलंही. त्यांच्या मते आता एकच गोष्ट उरत होती, की माप घेता घेता त्यांच्याच हाताचा धक्का लागून दांडीवरचं वजन सरकलं, पुढे कधीतरी तसंच मागे आलं, आणि त्यांच्या ते लक्षात आलं नाही. "मला आठवतच नाही," ते म्हणायचे. "इतक्या वेळा तो काटा बघितला असणार मी. आणि दिसलं नाही." ते पुन्हा पुन्हा स्वतःच्या बोटांकडे बघायचे.

डेल तीन आठवड्यांनी आला. डोळ्यावर पांढरी पट्टी, गळ्यात टाय. माफी मागायला यावं तसा तो टाय बांधून आला होता. बंदूक जुनी होती, तो म्हणाला, तिला फुटायला कारण नको होतं. व्ही, तुझ्याविषयी माझ्या मनात काही नाही. बाबा उभे राहिले, हो म्हणाले, आणि त्याच्याकडे बघू शकले नाहीत. आईने ठेच्याची बाटली त्याच्या हातात दिली. पुढे तो अंगणात दिसला की बाबा आत जायचे, आणि वसंत ऋतूत त्याची मुलगी त्याला आपल्या गावी घेऊन गेली. गवत कापायचं आणखी एक घर कमी झालं.

आणि मग, इतके महिने वाट बघून, त्याच उन्हाळ्यात नोकरी चालून आली. दामले काका एका रविवारी दुपारी आले ते बूटही न काढता बोलायला लागले. त्यांच्या कंपनीला टाक्यांचे सेफ्टी व्हॉल्व्ह तपासणारा माणूस हवा होता. "वसंता, तुझंच काम आहे यार, तुझ्या मापाचं. मी बॉसला सांगून ठेवलंय, इंटरव्ह्यू वगैरे नुसती फॉर्मॅलिटी. उद्या तू फक्त ये." मी जिन्यावर बसले होते. आईने देवापुढे साखर ठेवायला डबा उघडल्याचा आवाज मला आला.

"मला नाही जमणार," बाबा म्हणाले.

"का? काय झालं काय?"

"दामले, व्हॉल्व्ह चुकला तर पन्नास माणसं जातात. डेलच्या वेळी माझा हात सरकला आणि मला कळलंही नाही. अजूनही कळत नाही. ज्याला स्वतःची चूक दिसत नाही त्याने दुसऱ्याची तपासायची नसते."

काकांनी समजावलं, रागावले, शेवटी हात जोडले. आई मधे येऊन म्हणाली, "अहो, एकदा जाऊन तर या." बाबा तिच्याकडे बघून म्हणाले, "माझ्या सहीवर माझा विश्वास राहिला नाही गं." मला त्या जिन्यावरून उतरून खाली यायला आठ पायऱ्या होत्या. एक वाक्य बोलायचं होतं. आई खोलीतच उभी होती. मी उठून वर गेले, खोलीचं दार लावलं आणि गणिताचं पुस्तक उघडून बसले. मी भित्री होते, याला दुसरा शब्द नाही. मोठेपणी मला लोकांनी पुष्कळ समजावलं की तू लहान होतीस, एका पालकाला वाचवायला दुसऱ्याला बुडवायची पाळी तुझ्यावर आणली कुणी? हे सगळं खरं असेल. पण जिन्यावर मी बसले होते, ते बसले नव्हते.

बाबांनी पुढे एका फोटो धुवायच्या दुकानात काउंटरवर काम केलं. रोल घ्यायचा, मशीनमध्ये घालायचा, पाकिटावर नाव लिहायचं. मशीन सगळं करायचं. चौदा वर्षं त्यांनी ते केलं, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि कधीही कसलीही तक्रार केली नाही. घरातलं टेबल, प्रेस, तराजू त्यांनी क्लबातल्या कुणाला तरी नेऊ दिलं. बँकेची पत्रं ते आईला दोनदा वाचायला लावायचे. औषधाच्या गोळ्या मोजून दे म्हणायचे. दाराला कुलूप लावलं की दोन पावलं जाऊन परत येऊन ओढून बघायचे, आणि तरी माझ्याकडे बघून विचारायचे, "लागलंय ना गं?"

मी हे सांगितलं ते बाबा सत्तरीला आल्यावर. आई स्वयंपाकघरात पोळ्या करत होती, बाबा आणि मी मागच्या अंगणात खुर्च्या टाकून बसलो होतो, आणि मी नुकतीच माझ्या मुलीला खोटं बोलल्याबद्दल रागावून आले होते. मी म्हणाले, "बाबा, त्या अक्षता चिकटलेल्या नव्हत्या. टेबलावर पडल्या होत्या. मी वेचल्या."

कुठल्या अक्षता, असं त्यांनी विचारलं नाही. त्यांनी आधी स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघितलं आणि म्हणाले, "हळू बोल." त्यांचे ओठ किंचित हलत होते, मला कळलं की ते वजनं लावून बघतायत. शेवटी आकडा जुळल्यासारखी त्यांनी मान हलवली.

"दामले आला होता त्या रविवारी," ते म्हणाले, "तू घरी होतीस?"

"हो."

"मी त्याला काय म्हणालो, ऐकलं होतंस?"

"जिन्यावर होते, बाबा. सगळं ऐकलं होतं."

आत आईने पोळी उलटली, तव्याचा आवाज आला. बाबांनी मला आणखी काही विचारलं नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरच्या अकरा वर्षांतही नाही.